‘लहान आहे, विसरेल’ या फॉरवर्डला उत्तर

आठवडाभर एकच मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की अपघात, मारहाण असं काही भयंकर घडलं तरी लहान मुलं सगळं विसरतात, झालेल्या गोष्टीचा विषयच काढू नका, लाड केले की मूल डोक्यावर बसतं म्हणून शिस्त ढिली करू नका, आमच्या वेळी असलं ट्रॉमा बिमा (म्हणजे मनावरचा खोल आघात) काही नव्हतं आणि शिक्षक काय डॉक्टर आहेत का. खाली हात जोडलेले इमोजी. मी बालवर्गाला शिकवते, गप्प बसवेना म्हणून लिहितेय, जरा लांबलंय.

‘विसरतात’. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला घडलेलं नीट सांगता येत नाही हे खरं, पण सांगता न येणं आणि विसरणं यात फरक आहे ना. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाऊचिला गावात 26 मुलांची स्कूलबस अडवून त्यांना पळवून नेलं आणि दुसरीकडे जमिनीखाली पुरलेल्या एका ट्रेलरमध्ये कोंडलं होतं. सगळी सुखरूप सुटली, घरी गेली, लोकांना वाटलं संपलं. लिनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञ त्या मुलांना भेटत राहिल्या आणि चार वर्षांनीही ज्या ज्या मुलाशी त्या बोलल्या त्या प्रत्येकात परिणाम दिसत होते, भीती, वाईट स्वप्नं, तोच तोच खेळ. खेळाचं तर मी स्वतः बघितलंय. एक मुलगा, घरच्यांबरोबर अपघातातून वाचलेला, रोज दोन गाड्या घ्यायचा, धाड, मग एका ठोकळ्यावर बाहुली आडवी, परत गाड्या, परत धाड. वीस वीस मिनिटं, आणि चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. तोंडाने एक शब्द बोलला नव्हता तो अपघाताबद्दल.

‘विषय काढू नका’. हे अर्धं बरोबर आहे. खोदून खोदून विचारायचं नाही, ‘मग काय झालं सांग ना’ तर अजिबातच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतही हेच आहे, बोलायला भाग पाडू नका, पण बोलले तर ऐका. हे दुसरं वाक्य फॉरवर्डवाल्याने गाळलं. मुलाने स्वतःहून विषय काढला आणि आपण ‘चल चित्र काढू’ म्हणून उडवला की ते शिकतं, ही गोष्ट मोठ्यांनाही झेपत नाही. ‘हो, खूप भीती वाटली असेल ना तेव्हा, आत्ता इथे मी आहे’ एवढं पुरतं, मग काढा चित्र.

आता शिस्त. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथे मी स्वतः चुकलेय. वर्गात कुणीतरी बाक ओढला, कर्रकन आवाज झाला, आणि एक मुलगी टेबलाखाली. मला वाटलं नाटक करतेय, बाकीची हसतायत, म्हणून मी हाताला धरून बाहेर ओढली. पुढचे तीन आठवडे ती माझ्या हाताच्या अंतरात आली नाही. तिच्या डोक्यातली धोक्याची घंटा वाजली होती आणि ती वाजत असताना मेंदूचा विचार करणारा भाग मागे पडतो, तेव्हा ‘इकडे बघ, ऐकतेस का’ यातलं काहीही आत पोचत नाही. आधी शांत होऊ द्यायचं, बोलायचं नंतर. मग नियम सोडायचे का? नाही हो, उलट अशा मुलांना नियम जास्तच लागतात, रोज तोच क्रम, काही बदलणार असेल तर पाच मिनिटं आधी सांगणं. ‘कुणाला मारायचं नाही’ हा मुलांसाठीचा नियम म्हणजे नियमच, फक्त तोही खालच्या आवाजात, मुलाच्या उंचीला बसून सांगायचा. आणि हो, धिंगाणा घालणारं मूल निदान दिसतं तरी. भीतीने थिजलेल्या मुलाचं ‘किती शहाणं’ म्हणून आपण कौतुक करतो, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

‘आमच्या वेळी नव्हतं’. अमेरिकेत 1998 साली साडेनऊ हजार मोठ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, निम्म्याहून जास्त जणांनी लहानपणचा किमान एक तरी असा अनुभव सांगितला, मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन वगैरे. ती सगळी ‘आमच्या वेळी’चीच मुलं.

‘शिक्षक डॉक्टर नाहीत’. मान्य, आणि होऊही नये. निदान करू नये, मुलाची उलटतपासणी तर नाहीच नाही. महिना उलटून गेला तरी झोप उडालेली, परत कपड्यात शू, येत असलेलं बोलणं बंद, तर पालकांशी बोलून तज्ज्ञाकडे पाठवायचं, आणि कुणी त्रास देतंय असा संशय आला तर महिनाभर थांबायचं नाही, ज्यांचं काम आहे त्यांना लगेच कळवायचं. पण दिवसातले चार-पाच तास मूल आपल्यासमोर असतं त्याचं काय? हवाईतल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांवर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं लक्ष ठेवलं, त्यात फार वाईट परिस्थितीतली जवळजवळ एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली, आणि त्यांच्या आयुष्यात भरवशाचं एखादं तरी मोठं माणूस होतं, कितीदा ते शिक्षकच.

ती टेबलाखालची मुलगी अजूनही कधीकधी खाली जाते. मी लांबच जमिनीवर बसून राहते, काही बोलत नाही. मग ती आपणहून डोकं बाहेर काढते आणि विचारते, ‘आता काय आहे?’ मी भिंतीवरच्या, दिवसाच्या क्रमाच्या तक्त्यातलं पुढचं चित्र दाखवते.