नॉमिनी लावलाय ना, मग मिटलं!

मुलगा १८ वर्षांचा झाला की कायद्याच्या लेखी सज्ञान. त्याला ऑटिझम असो वा बौद्धिक अक्षमता, त्या दिवसापासून आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. म्हणून तर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, आणि ज्या स्थानिक समितीवर जिल्हाधिकारी असतात ती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. बँकांनी ते ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्येच कळवलंय. पण काउंटरपलीकडच्या साहेबांना कोण सांगणार? कागद उलटासुलटा करतात, मागची कोरी बाजूही निरखून बघतात, आणि वर, "कोर्टाची ऑर्डर आणा." साहेबांची बदली झाली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्याहून वैताग नातेवाइकांचा. "धाकटी आहे ना, ती बघेल." धाकटीला कुणी विचारलंय? बारावीला आहे हो ती! "नॉमिनी लावा, मिटलं." काय मिटलं, कप्पाळ! बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे फक्त ताब्यात घेतो, मालकी वारसांचीच. आणि मुलालाच नॉमिनी केलं, तर फॉर्मवर सही कोण करणार?

मृत्युपत्र, ट्रस्ट असं काही काढलं की, "अहो, भरल्या घरात अभद्र काय बोलता!" आमच्यामागे त्याच्या फिटच्या गोळ्या कुणी आणायच्या, कुठल्या पैशातून, हे लिहून ठेवणं अभद्र. आणि हेच काका जाताना चपला घालता घालता विचारतात, "फ्लॅट कुणाच्या नावावर करताय?"