घाम पाठीला जास्त, मग पिवळी काखच का?

सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दरवाजाजवळ जागा मिळाली नाही की वरचं हँडल धरावं लागतं. म्हणजे हात वर. म्हणजे पांढऱ्या शर्टाच्या काखेतली पिवळी चंद्रकोर अख्ख्या डब्याला दाखवत ठाणे ते सीएसएमटी. मी बरीच वर्षं हे टाळायला उजवा हात वर आणि डाव्या हातातली बॅग छातीशी, अशा विचित्र पोझमध्ये प्रवास केलाय. उजव्या काखेचं काय, तर तिकडे खिडकी असेल अशी जागा बघायची!

माझे शर्ट आधी आईने धुतले, मग बायकोने. डाग हे ‘त्यांचं खातं’. मला वाटायचं, आपल्याला घाम फार येतो, देवाने दिलेलं आहे, काय करणार.

मग सोलापूरला बदली झाली. एकट्याची खोली, एक बादली, बोअरचं पाणी आणि धुणं माझं मलाच. तिथला उन्हाळा मुंबईसारखा चिकट नाही, कोरडा. घाम येतो आणि जागच्या जागी वाळतो. संध्याकाळी शर्ट काढला की पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेषा, नकाशात नद्या काढाव्यात तशा. घाबरलो होतो. शर्ट साध्या पाण्यात बुडवला आणि सगळ्या नद्या गायब! काखेतला पिवळेपणा मात्र ढिम्म. साबण लावा, घासा, तो तिथेच.

त्या दिवशी डोक्यात ट्यूब पेटली. पाठीला घाम काखेपेक्षा जास्त. मग पाठ पिवळी का होत नाही?

उत्तर बाथरूमच्या फळीवर उभं होतं. रोज सकाळी आंघोळ झाली की ओल्या काखेत भरपूर फिरवायचा तो रोल-ऑन. मागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट. हा क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतो म्हणून घाम कमी येतो. त्यात खोटं काही नाही. पण बूच बसून उरलेला माल जातो कुठे? शर्टाला. काखेतला घाम नुसता मीठ-पाणी नसतो, तिथल्या वेगळ्या ग्रंथींतून थोडी चरबी, थोडी प्रथिनं येतात. त्यांची आणि अ‍ॅल्युमिनियमची गट्टी जमते आणि ती सुताच्या धाग्यात घर करते. तुमचा जुना शर्ट आत्ता हातात घेऊन बघा: काखेत कापड खळ घातल्यासारखं कडक लागेल, बाकी शर्ट मऊ. नुसत्या घामाने कापड असं होत नाही.

(नुसता वासाचा डिओ म्हणजे रोल-ऑन नव्हे. बहुतेक फवाऱ्याच्या डिओत सुगंध, अल्कोहोल आणि गॅस असतो, घाम थांबवणारं काही नसतं. डबा उलटा करून वाचा. जाहिरातीतला मुलगा ते वाचत नाही.)

आता आमच्यातला एखादा म्हणणार, म्हणून मी तुरटीच वापरतो, शंभर टक्के नैसर्गिक. वापरा. आमचे आजोबाही वापरायचे, दाढीनंतर न्हाव्याकडची तीच तुरटी काखेतही. पण तुरटी म्हणजे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. अ‍ॅल्युमिनियम सोडून पळालो असं समजू नका.

माझा राग खरं तर ब्लीचवर आहे. पांढरा शर्ट, पिवळा डाग, मग ओता क्लोरीनवालं ब्लीच, हा आपल्याकडचा सरळ हिशोब. प्रथिनं असलेल्या डागावर ते ब्लीच पडलं की पिवळेपणा जातो कसला, उलट गडद होतो. माझा एक चांगला शर्ट लाँड्रीत दिला होता. त्यांनी ब्लीच मारलं, वरून कडक इस्त्री फिरवली. परत आला तेव्हा काख चहाच्या रंगाची. उष्णतेने डाग धाग्यात पक्का बसतो, म्हणून डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नको, कितीही घाई असो. नीळ तर निव्वळ फसवणूक. निळसर झाक आली की पिवळं पांढरं दिसतं, डाग तिथेच. आणि बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी घासली की साबणाचाच पांढरा चिकट साका कापडात बसतो, डागाला वर अजून एक पांघरूण.

मला ज्याने यश आलं ते सांगतो, सुती पांढऱ्या शर्टांपुरतं. औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, साधारण सहा टक्क्यांचं. त्यात तेवढंच पाणी. त्यात खाण्याचा सोडा घालून लापशीसारखं करायचं, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. शर्ट उलटा करा, कारण माल आतून लागलेला असतो. काखेत लेप, अर्धा तास, मग जुन्या टूथब्रशने हलकेच. फेस येतो, बघायला मजा येते. खळखळून धुवा आणि उन्हात टाका. उरलेलं मिश्रण बाटलीत भरून ठेवू नका, गॅस सुटून झाकण उडेल. डाग फार जुना आणि कडक असेल तर आदल्या दिवशी एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी यात काख तासभर बुडवून ठेवा, आम्लाने ते अ‍ॅल्युमिनियम सैल होतं. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच एकाच बादलीत कधीच नाही. विषारी क्लोरीन वायू तयार होतो, गंमत नाही. रंगीत शर्टावर पेरॉक्साइड आधी आतल्या शिवणीला लावून बघा.

तीन-चार धुण्यांनी माझे पाचपैकी तीन शर्ट सुधारले. दोन आता घरात पुसायला आहेत.

बाकी आता रोल-ऑन रात्री लावतो, कोरड्या काखेत, पातळ. रात्री घाम कमी, तेव्हा तो नीट बसतो, सकाळी शर्टाला पुसला जात नाही. आणि बनियन बाह्यांचा घेतला. आयुष्यभर सँडो घालत आलो, म्हणजे जिथे गरज तिथेच भोक! शर्ट काढला की संध्याकाळीच काख पाण्यातून काढायची, रविवारच्या ढिगाची वाट बघायची नाही.

हे सगळं बायकोला फार उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, तिच्या सगळ्या ब्लाउजांना शिंपी काखेत सुती अस्तराची पट्टी लावतोच, का ते तिला लग्नाआधीपासून माहीत आहे. मी म्हटलं, मग आण ते पैठणीवरचं, त्यावर पण प्रयोग करू. रेशमाला सोडा आणि पेरॉक्साइड चालत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला होतं. ते ब्लाउज आता कपाटाच्या लॉकरमध्ये आहे, बांगड्यांच्या डब्याशेजारी.