गुडघे ताठ ठेवून उतरायचं म्हणे!

भाची तेरा वर्षांची. व्हॉलीबॉल खेळते, ब्लॉकला उडी झकास. परवा तिचा सराव बघायला गेले, तर वर जाईपर्यंत सगळं ठीक आणि खाली येताना दोन्ही पाय खांबासारखे ताठ. टाचा आधी टेकल्या आणि धप्पकन आवाज झाला. मला इकडे दाढा आवळल्यासारखं झालं. बाजूला बोलावून विचारलं, हे काय नवीन?

"बाबा म्हणाले गुडघे वाकवायचे नाहीत, आत्या. मेसेज आलाय."

मेसेज मलाही आला होता, तीनदा. न वाचताच पुढे सरकले होते. आता दादाकडून पुन्हा मागवला आणि वाचला. 'नामवंत अस्थिरोगतज्ज्ञांचा पालकांना इशारा' असं वर लिहिलंय, तज्ज्ञांचं नाव कुठेच नाही. खाली पाच फर्मानं. उडीवरून उतरताना गुडघे ताठ ठेवा, वाकवले की वाटी झिजते. गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला की लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटलाच. उड्यांनी वाढ खुंटते. पाळी सुरू झाल्यावर मुलींनी उडीचे खेळ सोडावेत, त्यांचे सांधे त्यासाठी नसतातच. आणि खेळायचंच असेल तर नी-कॅप घाला, मग काळजी नाही.

मी पंधरा वर्षं खेळले आणि आता शिकवते. डॉक्टर नाही. पण पहिल्या फर्मानासाठी डॉक्टर लागत नाही, शाळेचं भौतिकशास्त्र पुरतं. वेगाने येणारा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तसंच हे. समजा मुलीचं वजन 40 किलो आणि ती 30 सेंटिमीटर उंचीवरून खाली आली. पाय टेकल्यावर थांबेपर्यंत तिचं शरीर जितकं जास्त खाली जाईल, तितका धक्का वाटला जातो. ती 30 सेंटिमीटर खाली बसत थांबली, तर पायांवर सरासरी भार वजनाच्या दुप्पट, म्हणजे 80 किलोइतका. ताठ पायांनी पाचच सेंटिमीटरमध्ये थांबली तर सातपट, 280 किलो. हा ढोबळ हिशेब आहे, खऱ्या शरीरात आकडे पुढेमागे होतील. पण कुठल्या बाजूला झुकतील ते बदलणार नाही. गुडघे ताठ असले तर हा भार घेणार कोण? हाडं, कूर्चा आणि लिगामेंट. वाकले तर मांडीचे आणि नितंबाचे स्नायू तो ताणत ताणत गिळतात, आणि स्नायू त्यासाठीच आहेत. ज्या वाटीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्या मागच्या बाजूवर खोल वाकल्यावर दाब वाढतो, हे खरं. म्हणून कुणी मुलांना टाचेवर बसेपर्यंत उतरवत नाही.

ताठ गुडघ्यात आणखी एक गोची आहे. गुडघा जवळजवळ सरळ असताना मांडीचा पुढचा स्नायू आवळला की तो नडगीचं हाड पुढे ओढतो. ते मागे धरून ठेवायचं काम एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या त्या तिरक्या लिगामेंटचं. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग मदतीला येऊ शकतात, पण सरळ गुडघ्यात त्यांना मागे ओढायला कोनच मिळत नाही. गुडघा वाकला की मिळतो. म्हणजे मेसेज मुलांना नेमकं अशा स्थितीत उतरायला सांगतोय, जिथे एसीएल सर्वांत एकटा पडतो.

आणि हे सगळं किती वेळात? दुखापतीच्या व्हिडिओंचं बारकाईने विश्लेषण झालंय, त्यात पाय टेकल्यापासून साधारण 40 मिलिसेकंदांत एसीएल तुटलेला दिसतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. खाली आल्यावर सावरू म्हणाल तर सावरायला वेळच नाही. स्नायू हवेत असतानाच तयार हवेत, आणि ती तयारी सरावानेच अंगात मुरते. मेसेज वाचून नाही.

बोटांपुढे जाणाऱ्या गुडघ्याचं फार बोलत नाही. मऊ उतरताना गुडघा थोडा पुढे जातोच, घोटा वाकतो तेव्हा दुसरं होणार काय? बघायचं असतं ते गुडघा *आत* जातो का. पुढून फोनवर व्हिडिओ घ्या, पाय टेकताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकतात का ते सावकाश बघा. मेसेजमध्ये या आत झुकण्याबद्दल एक अक्षर नाही.

याच आत झुकण्यावर एक अभ्यास आहे, आणि तो दादाने मेसेजइतक्याच तत्परतेने पुढे पाठवावा अशी माझी इच्छा आहे. 2005 साली अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये टिमथी ह्यूएट आणि सहकाऱ्यांनी छापला. फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या 205 मुली घेतल्या. ठोकळ्यावरून खाली उतरून लगेच वर उडी, अशी प्रत्येकीची चाल कॅमेरे आणि जमिनीतले भारमापक लावून आधीच मोजून ठेवली आणि मग वाट पाहिली. पुढे नऊ जणींचा एसीएल तुटला. त्यांची जुनी मोजमापं काढली, तर उतरताना गुडघा आत झुकण्याचा कोन बाकीच्यांपेक्षा 8 अंशांनी जास्त, गुडघ्याला आत ढकलणारा जोर अडीच पट, जमिनीचा धक्का 20 टक्के जास्त. आणि दादा, नीट वाच: त्यांचे गुडघे इतरांपेक्षा *कमी* वाकत होते.

नऊ हा आकडा लहान आहे, मान्य. नंतर नॉर्वेत हँडबॉल आणि फुटबॉल खेळणाऱ्या अव्वल खेळाडूंवर मोठा अभ्यास झाला, 2016 मध्ये आला, आणि एका उडीच्या चाचणीवरून कुणाचा गुडघा जाणार हे आधी ओळखता येत नाही असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा व्हिडिओ बघून भविष्य सांगायला बसू नका. त्याचा उपयोग शिकवायला.

आता ज्या फर्मानाने माझं डोकं फिरलं ते. पाळीनंतर मुलींनी खेळ सोडावा.

यात अर्धं सत्य आहे आणि ते मला दात-ओठ खात कबूल करावं लागतं. सारख्याच खेळात मुलींचे एसीएल मुलांपेक्षा दोन-तीन पट, काही ठिकाणी त्याहूनही जास्त तुटतात, आणि हा फरक वयात येतानाच उघडतो. उंची आणि वजन भराभर वाढतं. मुलांमध्ये त्याबरोबर ताकदही झपाट्याने येते, मुलींमध्ये ती आपोआप तितकी येत नाही. हाडं लांब झाली, ती सांभाळणारे स्नायू मागे राहिले. यावरून 'सोडून द्या' कसं निघतं? स्नायूंना ताकद द्या, असं निघतं. आणि ते चालतं. वेगवेगळ्या प्रतिबंधक कार्यक्रमांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2018 मध्ये आला. उतरायला शिकवणं, नितंब आणि मांडीमागची ताकद, तोल असे हे कार्यक्रम. कुणाशी टक्कर न होता होणाऱ्या एसीएल दुखापती त्यांनी मुलींमध्ये 67 टक्क्यांनी कमी झाल्या. हे वॉर्म-अपमध्येच बसतं, वेगळी फी नाही. तेरा वर्षांच्या मुलीला 'तुझं शरीर यासाठी नाही' असं ऐकवायचं आणि तिला जे शिकवता येतं ते शिकवायचं नाही, याला मी काळजी म्हणत नाही. वहिनी, तुम्हीही कॉलेजात धावत होतात. तुम्हाला कुणी थांबवलं होतं का?

वाढ खुंटते हे तर उलटंच. 2001 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात वयात न आलेल्या मुलांनी 61 सेंटिमीटर उंच ठोकळ्यावरून, दर वेळी शंभर, आठवड्यातून तीनदा, सात महिने उड्या मारल्या. मांडीच्या हाडाची मान आणि कंबरेचे मणके इतर मुलांच्या तुलनेत मजबूत झाले. हे घरी करून बघायला सांगत नाहीये. रोज तीन तास फक्त उड्या मारून घेणारे प्रशिक्षक आहेत, आणि वाढीच्या वयात गुडघ्याखालचा तो उंचवटा दुखायला लागतो तो त्यांच्या कृपेने. तिथे थांबायचं, भार कमी करायचा. मेसेजवाल्याला हे म्हणायचं असतं तर मी गप्प बसले असते.

भाचीला मी एकच वाक्य सांगितलं: उतरलीस ते मला ऐकू येता कामा नये. पहिल्या पाच उड्या धप्प. सहावीला पंजा आधी टेकला, मग टाच, गुडघे वाकले पण एकमेकांना भिडायला आले. "मध्ये कुणीतरी उभं आहे असं समज." नवव्या-दहाव्या उडीला फक्त बुटाचा चर्र आवाज आला. उद्या दमल्यावर पुन्हा धप्प करेल, महिनाभर चालायचंच.

राहिली नी-कॅप. कापडी पट्टा गुडघ्याला आत झुकण्यापासून अडवत नाही. पण तिला तिचा रंग आवडतो, म्हणून घालू दिली.