१९७१ : ज्या पाणबुड्यांनी ढाका जिंकले नाही

दरवर्षी १९७१ च्या भारत-पाक युद्धाचा विजय दिन जवळ आला की एक लांबलचक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा : पूर्व पाकिस्तानात साम्यवाद शिरू नये म्हणून अमेरिकेने १९७१ च्या डिसेंबरात आपले सातवे आरमार बंगालच्या उपसागरात धाडले, त्याच वेळी अरबी समुद्राच्या बाजूने ‘ईगल’ या विमानवाहू नौकेसह ब्रिटिश ताफा चालून आला, भारतावर अणुबॉम्ब टाकण्याची तयारी झाली, इंदिरा गांधींनी भारत-सोव्हिएत करारावर बोट ठेवताच सोव्हिएत अणुपाणबुड्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, त्या पाहून ब्रिटिश अॅडमिरलने अमेरिकनांना ‘आपल्याला उशीर झाला’ असा निरोप दिला, दोन्ही आरमारे माघारी वळली आणि म्हणून ढाका पडले. शेवटी तात्पर्य दिलेले असते की, उद्या युद्ध झाले तरी रशिया असाच धावून येईल.

हा मजकूर इतकी वर्षे मी न वाचता पुढे सरकवत आलो होतो. या वेळी मात्र माझ्या भाचीने शाळेतल्या भाषणासाठी तो शब्दशः उतरवून घेतला आणि ‘मामा, सगळे बरोबर आहे ना?’ असे विचारले. सगळे बरोबर नाही. त्यातले जे खरे आहे तेही अशा ठिकाणी चिकटवले आहे की त्याचा अर्थ उलटा व्हावा.

यातील बहुतेक मुद्द्यांची शहानिशा करण्यासाठी एकच साधन पुरेसे आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९७१ च्या दक्षिण आशियातील पेचप्रसंगाची कागदपत्रे २००५ मध्ये एका स्वतंत्र खंडात प्रसिद्ध केली. त्यात व्हाइट हाउसमधील बैठकांची टिपणे आहेत, तारा आहेत आणि अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांचे उतारेही आहेत. हा खंड इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतो. निक्सन आणि किसिंजर भारताविषयी खासगीत जे बोलले ते त्यांच्याच सरकारने छापले असताना, लपवाछपवीचा संशय घेऊन नव्या कथा रचण्याची गरज कोणाला पडावी, हे मला कळत नाही.

प्रथम साम्यवाद रोखण्याचा मुद्दा घेऊ. पन्नाशीच्या दशकापुरता तो खरा आहे, एवढे मान्य करायला हवे. अमेरिकेने पाकिस्तानशी १९५४ मध्ये लष्करी मदतीचा करार केला, त्याच वर्षी त्याला सिएटो या आग्नेय आशियासाठीच्या लष्करी गटात घेतले आणि १९५५ मध्ये तो पश्चिम आशियासाठीच्या बगदाद करारात सामील झाला, तेव्हा सोव्हिएत संघ आणि चीन यांच्याभोवती मित्रराष्ट्रांचे कडे उभारणे हाच त्यामागचा हेतू होता. पण १९७१ पर्यंत पाकिस्तान वॉशिंग्टनला हवा होता तो अगदी वेगळ्या कामासाठी. त्या वर्षी ९ जुलै रोजी किसिंजर पोटदुखीचे निमित्त सांगून पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला (आजच्या बीजिंगला) गेले. निक्सन आणि माओ यांच्यातला दुवा पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान होते, आणि तो दुवा तुटू नये म्हणून पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी लष्कराने चालवलेल्या कत्तलीकडे, खुद्द ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांचा निषेध बाजूला सारून, डोळेझाक करण्यात आली. यावर कडी म्हणजे १० डिसेंबर रोजी किसिंजर न्यूयॉर्कमध्ये चीनचे प्रतिनिधी ह्वांग ह्वा यांना भेटले आणि चीनने भारताच्या सीमेवर हालचाल केल्यास अमेरिका त्याच्या आड येणाऱ्यांना रोखील, असे त्यांनी सूचित केले. साम्यवाद अडवायला निघालेली महासत्ता एका कम्युनिस्ट राष्ट्राला लोकशाही भारताच्या सीमेवर सैन्य हलवण्यासाठी चुचकारत होती. सोव्हिएत संघाला शह देणे एवढेच त्या धोरणात उरले होते; साम्यवादाचे नाव निव्वळ सवयीने टिकून होते.

आता ब्रिटिश ताफ्याची गोष्ट, जी या संदेशातील सर्वांत बेफाम थाप आहे आणि नेमकी तीच लोकांना सर्वांत जास्त आवडते, कारण तिच्यात जुन्या साहेबाची फजिती आहे. डिसेंबर १९७१ मधले ब्रिटन सुएझच्या पूर्वेकडील आपला बाडबिस्तरा गुंडाळत होते. सिंगापूरमधील आरमारी ठाणे रिकामे होत होते, इराणच्या आखातातूनही ब्रिटिश फौजा परतत होत्या. जी ‘ईगल’ मुंबईवर चालून आली म्हणून सांगतात, ती याच आवराआवरीतून मायदेशी परतणारी नौका होती. जानेवारी १९७२ मध्ये पोर्ट्समथला पोहोचून ती कायमची सेवेतून बाहेर पडली. भारतावर हल्ला करायला निघालेले राष्ट्र त्यासाठी मोडीत निघण्याच्या वाटेवरची नौका निवडील, हे गृहीतच अजब आहे.

त्याहून महत्त्वाचा पुरावा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतला आहे. ४ डिसेंबर रोजी अमेरिकेने युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव मांडला, तेव्हा ११ मते बाजूने पडली, सोव्हिएत संघ आणि पोलंड यांनी विरोध केला, आणि फ्रान्ससह ब्रिटन तटस्थ राहिले. ब्रिटिश पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने अमेरिकेची साथ न दिल्याबद्दल व्हाइट हाउसमध्ये नाराजी होती. जे सरकार साधा हात वर करायला तयार नव्हते, ते विमानवाहू नौका घेऊन भारताला चिमट्यात पकडायला निघाले होते, यावर विश्वास ठेवायचा असेल तर आधी मतदानाची ही नोंद खोडावी लागेल. त्या दिवसांत ब्रिटनच्या लष्कराने उपखंडात खरोखर केलेली ठळक कामगिरी म्हणजे १२ डिसेंबर रोजी हवाई दलाच्या हर्क्युलिस विमानांनी ढाक्यातून परदेशी नागरिकांना बाहेर काढले. अॅडमिरलचा तो ‘उशीर झाला’ वाला संवाद नाटकात शोभण्यासारखा आहे. तिथेच त्याने राहावे.

सातव्या आरमाराची गोष्ट मात्र हवेतली नाही. निक्सन यांच्या आदेशावरून १० डिसेंबर रोजी अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौकेच्या नेतृत्वाखाली, ‘ट्रिपोली’ या सैनिकवाहू नौकेसह, एक खास ताफा उभा केला. मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून तो १५ डिसेंबरला बंगालच्या उपसागरात पोहोचला. हा उघड दमदाटीचा प्रकार होता आणि दिल्लीत त्याची काळजी होती, हेही खरे. पण या ताफ्याने नेमके काय करायचे, हे अमेरिकी नौदलप्रमुख अॅडमिरल झुमवाल्ट यांनाही धड सांगण्यात आले नव्हते, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कागदपत्रे वाचली की दिसते ते असे : पूर्व पाकिस्तान गेल्यातच जमा आहे, हे किसिंजर यांनी धरले होते. भारत आता पश्चिमेकडे वळून पाकिस्तानचे उरलेले लष्कर मोडील, अशी भीती दिल्लीहून आलेल्या एका गुप्त अहवालामुळे त्यांच्या मनात बसली होती, आणि हा ताफा त्या भीतीपोटी, मॉस्को आणि पेकिंग या दोघांनाही दिसावा म्हणून निघाला होता.

मग ढाक्याचे काय? येथे तारखाच पुरेशा बोलक्या आहेत. ७ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातले जेसोर पडले. ९ तारखेपासून हेलिकॉप्टरांनी आपले जवान मेघना नदीपलीकडे उतरू लागले. ज्या दिवशी अमेरिकी ताफा तयार करण्याचा हुकूम सुटला, त्याच १० डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानचे मेजर जनरल राव फर्मान अली यांनी संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीकडे युद्धबंदीचा प्रस्ताव दिला होता. याह्या खान यांनी तो मागे घ्यायला लावला, एवढेच. ११ तारखेला टांगाईलला छत्रीधारी सैनिक उतरले. १४ तारखेला आपल्या मिग विमानांनी ढाक्याच्या राजभवनावर हल्ला केला आणि गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला. त्याच संध्याकाळी पूर्वेकडील पाकिस्तानी फौजांचे प्रमुख जनरल नियाझी युद्धबंदीची विनंती घेऊन कोणाकडे गेले? ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूताकडे. म्हणजे ज्यांना वाचवायला आरमार येत असल्याचे आपण ऐकतो, त्यांनी ते उपसागरात शिरण्याआधीच अमेरिकेच्याच दारात जाऊन हत्यार टाकण्याची तयारी दाखवली होती. १६ डिसेंबरला शरणागतीवर सही झाली.

सोव्हिएत ताफा याच काळात व्लादिवोस्तोकहून निघाला होता, हे मी नाकारत नाही. हिंदी महासागरात सोव्हिएत जहाजे आधीपासून होती, त्यांच्या मदतीला क्षेपणास्त्रवाहू युद्धनौका आणि पाणबुड्या पाठवण्यात आल्या, आणि पुढे कित्येक दिवस त्या अमेरिकी ताफ्याच्या मागावर राहिल्या. मात्र या कुमकेचा मुख्य भाग हिंदी महासागरात पोहोचला तो ढाक्यातील शरणागती उरकल्यावर. जो पहारेकरी निकाल लागल्यानंतर हजर झाला, त्याच्यामुळे निकाल लागला असे म्हणता येत नाही. पाणबुड्यांची थरारक वर्णने आपल्याकडे आली ती बव्हंशी सोव्हिएत अधिकाऱ्यांनी कित्येक वर्षांनी सांगितलेल्या आठवणींतून, आणि निवृत्त अॅडमिरल आपली भूमिका लहान करून सांगत नाहीत, मग ते कोणत्याही देशाचे असोत.

मला खरा राग येतो तो याच मुद्द्यावर. बाष्पकाच्या (बॉयलरच्या) बिघाडामुळे पूर्ण वेगाने धावू न शकणारी ‘विक्रांत’ पूर्वेला नेऊन ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगाववर जे हल्ले केले गेले, किंवा दीवजवळ ९ डिसेंबरच्या रात्री ‘खुकरी’ या युद्धनौकेबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण बुडाले, त्यातले एक अक्षरही या संदेशात नाही. संपूर्ण युद्ध परक्यांच्या पाणबुड्यांनी जिंकलेले, आणि ते नववीच्या मुलीने विजय दिनी व्यासपीठावरून सांगायचे!

अणुबॉम्बचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. १२ डिसेंबरच्या सकाळी निक्सन आणि किसिंजर यांच्या संभाषणात अण्वस्त्रांचा उल्लेख खरोखर आहे. पण तो आहे चीनने हालचाल केली आणि त्यावर सोव्हिएत संघाने चीनवर हल्ला केला तर काय, या प्रश्नाच्या ओघात, आणि निक्सन यांनीही तो प्रश्न म्हणूनच विचारला होता. भारतावर बॉम्ब टाकण्याची योजना त्यात नाही. ज्या कल्पनेवर हे सगळे उभे होते तीही काही तासांतच कोसळली, कारण चीनचा निरोप प्रत्यक्षात आला तो युद्धबंदीला पाठिंबा देणारा. ओव्हल ऑफिसातली ती सकाळ भयंकर होती हे मात्र मी मान्य करतो. जगाच्या भवितव्याविषयी इतक्या अर्धवट माहितीवर बोलले जात होते, हे वाचून आजही अंगावर काटा येतो.

करार आणि सोव्हिएत मदत यांविषयी. ९ ऑगस्ट १९७१ रोजी परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी दिल्लीत सह्या केलेल्या करारातील नववे कलम सांगते की, एका देशावर हल्ला झाला किंवा तसा धोका निर्माण झाला तर दोघांनी तातडीने विचारविनिमय करावा आणि योग्य ती परिणामकारक पावले उचलावीत. युद्धात उतरण्याची सक्ती त्यात कुठेही नाही. मॉस्कोने आपल्याला खरी साथ दिली ती न्यूयॉर्कमध्ये : ४, ५ आणि १३ डिसेंबर असा तीन वेळा नकाराधिकार वापरून. आमसभेत ७ डिसेंबरला १०४ विरुद्ध ११ मतांनी ठराव आपल्या विरोधात गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तीन नकारांची किंमत कळते. आपल्या लष्कराला ढाक्यापर्यंत पोहोचायला जे दिवस हवे होते ते त्यांनी मिळवून दिले. दुसरी साथ युद्धाच्या आधीची. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या ज्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर मारा केला, त्या सोव्हिएत बनावटीच्या होत्या. चालवणारे आपले होते.

याच मॉस्कोने आपला उपपरराष्ट्रमंत्री कुझनेत्सोव याला १२ डिसेंबरला दिल्लीत पाठवले, ते युद्ध लवकर आटोपावे आणि पश्चिम पाकिस्तानवर मोठी चढाई होऊ नये म्हणून आग्रह धरायला. तशी हमीही त्यांनी वॉशिंग्टनला कळवली. पाठीराखा आपल्याला आवरतही होता, हे त्या संदेशात कसे बसणार?

राहता राहिले भविष्याचे आश्वासन. १९७१ चा करार वीस वर्षांचा होता. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर जानेवारी १९९३ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीत आले, तेव्हा त्याच्या जागी नवा मैत्री करार झाला. जुन्या नवव्या कलमातील संरक्षणविषयक तरतूद त्यात ठेवण्यात आली नाही.