सभासद क्रमांक ४१२

गेल्या महिन्यात माझ्या एका मैत्रिणीला भर दुपारी मुलाचा फोन आला. मुलगा हिंजवडीला नोकरीला, कामाच्या वेळात सहसा फोन करत नाही. "आई, तुझं आणि बाबांचं सगळं ठीक आहे ना?" हिला काही कळेना. मग उलगडा झाला. त्याच्या व्हॉट्सअॅपवर वाचनालयाचा मेसेज आला होता: आपण नेलेल्या अमुक पुस्तकाची मुदत उद्या संपत आहे. पुस्तक घटस्फोट आणि पोटगीच्या कायद्यावरचं. सभासदत्व कुटुंबाचं, आणि फॉर्म भरताना नंबर दिलेला घरात ज्याला मोबाइलमधलं कळतं त्याचा, म्हणजे मुलाचा.

गंमत अशी की पुस्तक तिने स्वतःसाठी नेलंच नव्हतं. तिच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना माहिती हवी होती. आता मुलाची समजूत घालायची तर त्या बाईंच्या घरातलं त्याला सांगणं आलं. तिने सांगितलं. त्यानंतर आठवडाभर त्या बाई आल्या की हीच अवघडून जायची. पुस्तक अर्धवट वाचून परत गेलं. "आता आपल्या कादंबऱ्याच नेते गं," ती म्हणाली, आणि मला ते वाक्य फार लागलं.

मी त्या वाचनालयात गेले. (नाव लिहीत नाही. माणसं भली आहेत, तुटपुंज्या पैशांत संस्था चालवतात.) देवघेवीच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सोयीसाठी केलंय, सगळ्यांना आवडतंय." मी म्हटलं, मुदतीची तारीख पाठवा, पुस्तकाचं नाव कशाला? तर सॉफ्टवेअरमध्ये तसं नाही. शेजारी बसलेले कार्यकारिणीतले एक गृहस्थ हसत म्हणाले, "लपवण्यासारखं काय वाचता तुम्ही?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन सुचलं, म्हणून ही पोस्ट.

१९८१-८२ साली मी अकरावीत होते. आमचं वाचनालय सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात माडीवर होतं. तेव्हा कपाटांपर्यंत जायची सोय नव्हती. सूचीत बघून चिठ्ठीवर दाखल क्रमांक लिहायचा, खिडकीतून आत द्यायचा आणि वाट बघायची. म्हणजे आपण काय मागतोय हे खिडकीमागच्या काकांना कळणारच. मी एकदा 'समाजस्वास्थ्य'च्या जुन्या अंकांचा बांधीव खंड मागितला. र. धों. कर्व्यांचं ते मासिक, १९२७ ते १९५३ चाललेलं. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि १९३४मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा वर्गात कोणीतरी कुजबुजल्याचं ऐकलं होतं, एवढंच. काकांनी चिठ्ठी वाचली, आत गेले, खंडाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि माझ्यापुढे सरकवला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

पुढच्या आठवड्यात बाबा वर्गणी भरायला गेले आणि सहज विचारलं, "आमची मुलगी हल्ली काय वाचते हो?" काका म्हणाले, "पुस्तकं वेळेवर परत येतात, पानं दुमडलेली नसतात. तक्रार नाही." हे मला बाबांनीच वीसेक वर्षांनी हसत हसत सांगितलं. त्या माणसाने ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. वाचकाच्या खाजगीपणाची नीतितत्त्वं कुठल्या परिषदेत कधी मंजूर झाली हेही त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती झाली होती १९३९मध्ये, अमेरिकन ग्रंथपालांच्या संघटनेत. वाचकाबद्दल मिळालेली माहिती गुप्त ठेवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य आहे, असं त्यांनी आपल्या आचारसंहितेत तेव्हाच लिहून ठेवलं.

लिहून ठेवलेलं पुढे कामाला आलं. १९७०-८०च्या दशकांत एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणेची माणसं तिथल्या ग्रंथालयांत जाऊन सोव्हिएत गटातल्या देशांचे लोक काय वाचतात याची चौकशी करत. अनेक ग्रंथपालांनी सांगायला नकार दिला. २००५मध्ये कनेटिकट राज्यातल्या चार ग्रंथपालांकडे एफबीआयने एका संगणकाच्या वापराची माहिती मागितली. सोबत अट, की अशी मागणी झाली हेही कुणाजवळ बोलायचं नाही. ते चौघे कोर्टात गेले. २००६मध्ये तोंडबंदीही उठली आणि सरकारने माहितीची मागणीही सोडून दिली. आज तिथल्या ५०पैकी ४८ राज्यांत ग्रंथालयाच्या नोंदी गुप्त ठेवण्याबद्दल कायदे आहेत. अमेरिका म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाहीये. त्याच देशात हल्ली शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तकं काढायची लाट आलेली आहे. पण तिथे निदान भांडण कशावरून चाललंय हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

आपल्याकडे १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्यात परिषद आहे, संचालनालय आहे, अनुदान आहे. कुणी काय वाचलं ही माहिती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, यावर तो गप्प आहे. म्हणजे उद्या कुणी वाचनालयात येऊन "या माणसाने गेल्या वर्षात काय काय नेलं ते दाखवा" म्हणालं, तर सगळी भिस्त खिडकीमागच्या काकांवर. काका बाणेदार असले तर ठीक.

असं कोण विचारायला येतं, असं वाटत असेल तर आपल्याच शहरातलं आठवून बघा. एल्गार परिषद प्रकरणाचा तपास पुणे पोलिसांनी सुरू केला तेव्हा आरोपींच्या घरातून नेलेल्या पुस्तकांची चर्चा किती दिवस चालली होती. २८ जुलै २०२३ला त्यातल्या दोघांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हिंसेचा प्रचार करणारं साहित्य जरी कुणाजवळ सापडलं, तरी ते नुसतं जवळ असणं हा दहशतवादाचा गुन्हा होत नाही. अटक ऑगस्ट २०१८ची. घरातल्या कपाटाची ही गत, तर वाचनालयाच्या नोंदवहीची काय कथा.

आणि ५ जानेवारी २००४. भांडारकर संस्था. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या ज्या पुस्तकावरून ते झालं, ते प्रकाशकांनी आधीच्या नोव्हेंबरमध्ये बाजारातून परतही घेतलं होतं. तरी जमाव आला, कपाटं उलथली, पोथ्या आणि पुस्तकं जमिनीवर आली. कारण काय, तर पुस्तकात संस्थेचे आणि इथल्या काही अभ्यासकांचे आभार मानलेले होते. म्हणजे एका वाचकाला ग्रंथालयाने मदत केली, ही नोंद छापील स्वरूपात सापडली. पुस्तकात काय होतं, ते बरोबर होतं का, हा वाद आपल्या जागी, आणि तो करायचा तर पुस्तक वाचूनच करावा लागतो. सरकारची बंदी पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २००७मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये तो निकाल कायम केला. मी त्या आठवड्यात लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना रिक्षा थांबवून फाटकाबाहेर नुसती उभी राहिले होते. आत जायचा धीर झाला नाही.

१८४८ साली लोकहितवादींनी पुढाकार घेऊन पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी काढली, आजचं पुणे नगर वाचन मंदिर. त्याच वर्षी, त्याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. कोणी काय वाचावं हे दुसऱ्या कोणी ठरवू नये यासाठी या पेठेने तेव्हा शेणगोळे झेललेत. त्यामुळे "लपवण्यासारखं काय वाचता" हा प्रश्न निदान पुण्यात तरी हसत हसत विचारू नये.

आता थोडं कारकुनी बोलते, कारण सगळी गोम तिथेच आहे. कॉलेजात आम्हाला बॉरोअर्स तिकिटं असायची, पुठ्ठ्याची, खिशासारखी. पुस्तक नेलं की पुस्तकातलं कार्ड काढून आपल्या तिकिटाच्या खिशात घालायचे आणि तारखेच्या ट्रेमध्ये लावायचे. पुस्तक परत केलं की कार्ड पुस्तकात, तिकीट आपल्या हातात. संपलं. तुम्ही ते पुस्तक नेलं होतं याचा मागमूस उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीना ब्राऊन या अमेरिकन ग्रंथपालबाईंनी ही पद्धत बसवली, म्हणून तिला ब्राऊन पद्धत म्हणतात. तिच्याच सुमाराला निघालेल्या न्यूअर्क पद्धतीत मात्र पुस्तकाच्या कार्डावर सभासद क्रमांक आणि तारीख लिहितात, आणि पुस्तक परत आलं की ते कार्ड, आधीच्या नोंदींसकट, पुन्हा पुस्तकात जातं. कुणीही उघडून बघावं. आणि नोंदवही असेल तर विचारूच नका, सालोसालचे गठ्ठे माळ्यावर.

संगणक आला तेव्हा यातलं काय घ्यायचं हे आपल्या हातात होतं. कॉलेजांच्या ग्रंथालयांत आता 'कोहा' हे मोफत सॉफ्टवेअर बरंच दिसतं. न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालयासाठी ते बनलं, २०००पासून वापरात आहे. त्यात पुस्तक परत आल्यावर वाचकाचं नाव नोंदीतून पुसायची सोय आहे. सभासदाला स्वतःला निवडता येतं, माझा इतिहास ठेवा की ठेवू नका. पुस्तकाची पानं फाटली तर पकडायचं कुणाला, म्हणून फक्त शेवटच्या वाचकाचं नाव ठेवायचीही सोय आहे. एवढं सगळं आहे, आणि आपण ते चालू करत नाही. का, तर ऑडिटला लागेल. अहो, अनुदानाच्या तपासणीत रोज किती पुस्तकं गेली हा आकडा लागतो. पोटगीचं पुस्तक कोणत्या बाईंनी नेलं हे ऑडिटरला काय करायचंय?

२०१७च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तत्त्व आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसावी. तो डिजिटल नोंदींपुरता आहे, माळ्यावरच्या गठ्ठ्यांना लागत नाही. पण पुस्तक परत आलं म्हणजे काम संपलं, याहून सोपं उदाहरण त्या कायद्याला मिळायचं नाही.

मी वाचनालयाला दोन ओळींचा अर्ज दिलाय. मेसेजमध्ये पुस्तकाचं नाव नको, आणि परत आलेल्या पुस्तकाची माझ्या नावावरची नोंद पुसावी. पोच घेतलीय शिक्क्यासकट. उत्तर नाही. मुदत उलटली की ते मला मेसेज पाठवतात, मी त्यांना अर्ज पाठवत राहीन.

एक गोष्ट मात्र माझ्याच विरोधात जाणारी आहे. ती लपवली तर लबाडी होईल.

चार-पाच वर्षांपूर्वी त्या माडीवरच्या वाचनालयाने जुनी पुस्तकं बाद केली, वजनावर देत होते. मी दोन पिशव्या भरून आणल्या. एका पुस्तकाच्या मागच्या खिशात कार्ड तसंच होतं. त्यावर तीनदा ४१२. तो आमचा क्रमांक, लहानपणी पुस्तकं बदलायला मलाच धाडायचे म्हणून पाठ झालेला. हे पुस्तक मात्र मी कधी आणलेलं नव्हतं. तिन्ही तारखा १९७४च्या, म्हणजे मी आठ-नऊ वर्षांची. बाबा तर वर्तमानपत्राखेरीज काही वाचत नसत. म्हणजे आई. एकच पुस्तक, एका वर्षात तीनदा. ते वर्ष आमच्या घरात कसं गेलं याचा काही अंदाज मला त्या तारखांवरून आला, जो तिने जाईपर्यंत कधी बोलून दाखवला नव्हता.

मला रडू आलं, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. मग थोड्या वेळाने असं वाटलं की आईची ट्रंक तिला न विचारता उघडली. कार्ड परत खिशात घातलं. अजून तिथेच आहे, फाडून टाकायला हात होत नाही.

कोणतं पुस्तक ते विचारू नका.