रिअॅक्टर म्हणजे मोठा कुकर नव्हे

नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगणा औद्योगिक वसाहतींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. कुठे स्फोट झाला की तो हमखास वर येतो. म्हणणं असं: रिअॅक्टर, म्हणजे कारखान्यात रसायनांची अभिक्रिया घडवण्याचं बंद भांडं, हा एक मोठा कुकर. पोलाद जाड असलं, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली, पेसोचं (स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं) सर्टिफिकेट मिळालं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला की तो फुटत नाही. फुटलाच तर ऑपरेटरची चूक, नाहीतर नागपूरचं ऊन. पुरावा म्हणून बाजारगाव आणि धामणा.

पुराव्याचं आधी उरकू. डिसेंबर २०२३ चं बाजारगाव आणि जून २०२४ चं धामणा, दोन्ही स्फोटकांचे कारखाने. तिथला मालच उडण्यासाठी बनतो. रिअॅक्टरचा दाखला हवा तर मे २०२४ मध्ये डोंबिवलीत फुटलेला रिअॅक्टर बघा.

आता कुकर. गॅस बंद केला की कुकर निवतो, कारण आग बाहेर असते. उष्णता सोडणाऱ्या अभिक्रियेत आग आतच असते, आणि वाफेचा व्हॉल्व्ह बंद केल्याने ती विझत नाही. तापमान दहा अंश चढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. जॅकेटमधून, म्हणजे रिअॅक्टरभोवतीच्या थंड पाण्याच्या आवरणातून, बाहेर जाणारी उष्णता मात्र फक्त आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात वाढते. एका टप्प्यानंतर जॅकेट मागे पडतं आणि बॅच, म्हणजे एका वेळी भरलेला माल, हातातून सुटते. शिवाय लॅबमध्ये एक लिटरच्या फ्लास्कमध्ये शांत वागलेली रेसिपी पाच हजार लिटरमध्ये तशीच वागेल असं नाही. आकार तोच ठेवला तर दर लिटरमागे थंड होणारा पृष्ठभाग सुमारे सतरा पटींनी घटतो.

‘थंड ठेवलं की सेफ’ हेही त्याच मेसेजमधलं, आणि सगळ्यात घातक. गरजेपेक्षा थंड बॅचमध्ये डोसिंग (थोडा थोडा माल टाकणं) चालू ठेवलं तर टाकलेला माल अभिक्रिया न होताच साचत जातो. स्टिरर (ढवळणी) बंद पडला तरी तेच. लाइट येते, कुणीतरी घाईने स्टिरर चालू करतो, आणि तासाभराचा साठा एकदम मिसळून त्याची अभिक्रिया एकाच वेळी होते.

जाड पोलादाबद्दल बोलायचं तर भोपाळच आठवा. डिसेंबर १९८४ मध्ये ६१० क्रमांकाची स्टेनलेस स्टीलची टाकी फुटली नव्हती. तिच्यात सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन होतं. वायू रिलीफ व्हॉल्व्हमधून बाहेर पडला. तेव्हा रेफ्रिजरेशन बंद होतं आणि फ्लेअर टॉवरची (वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची) लाइन तोडलेली होती. इटलीतल्या सेवेसोमध्ये १० जुलै १९७६ ला रिअॅक्टर शाबूत राहिला. रप्चर डिस्क (दाब वाढला की फाटणारी पातळ चकती) ठरल्याप्रमाणे उघडली आणि डायॉक्सिन हे जहाल विष थेट हवेत गेलं, कारण पलीकडे ते झेलायला टाकीच नव्हती. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी तो कुठे उघडतो हे एकदा छतावर जाऊन बघावं. तो पुरेसा मोठा आहे का, हा वेगळाच प्रश्न. बेफाम बॅच फेसाळत वर येते, आणि वायूसोबत द्रवही बाहेर फेकला जात असेल तर नुसत्या वाफेच्या हिशेबाने निवडलेला व्हॉल्व्ह अपुरा पडतो.

हायड्रो टेस्टमध्ये गार पाणी भरून डिझाइनपेक्षा जास्त दाब देतात. त्या दिवशी वेल्डिंग धड आहे, एवढंच कळतं. नंतर क्लोराइडने स्टेनलेसला भेगा पडल्या, किंवा ग्लास-लाइन्ड (आतून काचेचा थर दिलेल्या) भांड्याच्या काचेचा कपचा उडाला आणि आम्ल खालच्या पोलादापर्यंत पोचलं, तर जुना कागद काय कामाचा?

पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, म्हणून हा गैरसमज इथे जास्त पसरला असावा. कॉम्प्रेस्ड गॅस साठवण्या-नेण्याच्या मोठ्या टाक्यांसाठी पेसो जे २०१६ चे नियम राबवते, त्यात प्रेशर व्हेसलच्या व्याख्येतून रिअॅक्टर नाव घेऊन वगळलेला आहे. कारखान्यातल्या दाबाच्या भांड्यांची देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते.

उन्हाचं म्हणाल तर नव्वद अंशांवर चालणाऱ्या बॅचला बाहेरच्या पंचेचाळीसचं काय पडलंय, बाप्पा! कूलिंग टॉवरचं पाणी किती गार होईल हे वेट बल्ब तापमानावर (ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्यावर) ठरतं. त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या उन्हापेक्षा जुलैची दमट हवा त्याला जास्त जड जाते. उन्हात पडलेले पेरॉक्साइडचे डबे हा मात्र खरा धोका आहे, पण तो गोदामातला.

राहिला ऑपरेटर. अमेरिकेत जॅक्सनव्हिलला १९ डिसेंबर २००७ रोजी टी-टू लॅबोरेटरीजचा रिअॅक्टर फुटून चार जण गेले. ती त्या उत्पादनाची १७५ वी बॅच होती. थंड करण्याची व्यवस्था एकच, तिला पर्याय नव्हता. सुमारे १९९ अंशांच्या वर सोडियम आणि द्रावक यांच्यात दुसरी, जास्त भयंकर अभिक्रिया सुरू होते, हे कंपनीच्या ध्यानातच आलं नव्हतं. पॅनलपुढे उभ्या असलेल्या माणसाला ते कुठल्या गेजवर दिसणार होतं?