‘चिंतेच्या गोळ्या सगळ्या सारख्याच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घरगुती ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: ‘सतत काळजी वाटते? एस्सिटालोप्रामच्या नादी लागू नका. दोन आठवडे घेऊनही फरक पडत नाही, वर जन्माची सवय लागते. त्यापेक्षा रात्री एक अल्प्राझोलाम घ्या, अर्ध्या तासात शांत. शेवटी सगळ्या गोळ्या सारख्याच.’

दोन आठवड्यांत फारसा फरक पडत नाही, हे बऱ्याचदा खरं असतं. पण म्हणून औषध निकामी ठरत नाही. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, ड्युलॉक्सेटीन या चिंतेवरच्या रोजच्या गोळ्यांचा पुरता परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला मळमळ होते, झोप मोडते, अस्वस्थता थोडी वाढूही शकते. नेमक्या याच दिवसांत लोक गोळी सोडून देतात. हे आधी कुणी समजावून सांगत नाही, याचा मला राग येतो.

सवयीचा आरोप तर भलत्याच गोळीवर केलाय. एस्सिटालोप्राम एकदम बंद केली तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात झिणझिण्या येतात. म्हणून ती हळूहळू कमी करतात. पण तिची तलफ लागत नाही. अल्प्राझोलाम रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीर तिच्यावर विसंबायला लागतं. तिच्या गटातल्या (बेन्झोडायझेपिन) सगळ्या औषधांवर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे २०१४ पासून ती शेड्यूल एच-वनमध्ये आहे: मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघायची, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं. ज्येष्ठांचा रात्री बाथरूमला उठताना या गोळीने तोल जाऊ शकतो. दारूबरोबर तर ती श्वास मंदावते.

आणि सारख्या? २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने चिंतेवरच्या औषधांच्या ८९ चाचण्यांची, पंचवीस हजारांवर रुग्णांची तुलना छापली. ड्युलॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन, प्रिगाबॅलिन आणि एस्सिटालोप्राम गुणकारीही ठरल्या आणि लोकांना बऱ्यापैकी सोसल्याही. अल्प्राझोलामच्या गटाने चिंता कमी केली, पण ती रुग्णांना तितकी सोसली नाही. क्वेटियापीन या आणखी एका औषधाचा परिणाम सर्वांत मोठा, पण न सोसण्याची रड तीच. शिवाय निवड माणसागणिक बदलते: ब्लड प्रेशर चढं असेल तर व्हेन्लाफॅक्सीन जपून, जुनी अंगदुखी सोबत असेल तर ड्युलॉक्सेटीनचा विचार होतो.

तुमच्या घरात कुणी महिनोन्‌महिने अल्प्राझोलाम घेत असेल, तर हे वाचून ती आज रात्री बंद करू नका. एकदम सोडल्यास फिट येऊ शकते. स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा. ते डोस टप्प्याटप्प्याने उतरवतील.